शनिवारची इर्जिक

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने ‘आपण राहतो त्या परिसरातली एक संस्था’ असा विषय दिला, तेव्हा डोळ्यांपुढे आधी वाचनालय आलं, मग चर्चचं सभागृह आलं आणि शेवटी चिखलाने माखलेले बूट आले. आमच्या दारातल्या पायपुसण्यावर दर शनिवारी दुपारी अशा दोन जोड्या पडलेल्या असतात. एक माझ्या मुलीची, एक माझी. ती खेळते, मी प्लॅस्टिकचे शंकू मांडतो. आम्हां दोघांना भर पावसात त्या मैदानावर उभं करणाऱ्या संस्थेचा हा इतिहास आहे. तिचं पूर्ण नाव गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. इथे सगळे तिला ‘जीएए’ म्हणतात.

आयर्लंड बेटाच्या बत्तीसही काउंट्यांत मिळून जीएएचे २,२०० हून अधिक क्लब आहेत. देशाची फाळणी झाली, सहा काउंट्या ब्रिटनकडे राहिल्या. संस्थेने मात्र ती रेघ कधी मानली नाही. तिचे मुख्य खेळ दोन. एक हर्लिंग, ॲश लाकडाच्या काठीने चामडी चेंडू मारण्याचा, अतिवेगवान. दुसरा गेलिक फुटबॉल, यात चेंडू हाताने आणि पायाने दोन्हींनी खेळतात. हर्लिंगच्या काठीला आयरिशमध्ये ‘कमॉन’ म्हणतात. तो शब्द ‘वाकडा’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. आपल्या ‘कमानी’शी त्याचं नातं नाही, पण काठीचं वळलेलं टोक पाहून मला ते नेहमी जोडावंसं वाटतं. चेंडू म्हणजे ‘स्लिटर’. क्रिकेटच्या चेंडूहून हलका, शिवण मात्र वर उठलेली, आणि लागला की तितकाच झोंबणारा.

बिलियर्डच्या खोलीतली सभा

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी हेज हॉटेलच्या बिलियर्डच्या खोलीत ही संस्था जन्मली. सभेला नक्की किती जण होते यावर इतिहासकारांचा अजून वाद आहे. सर्वसाधारणपणे सात नावं घेतली जातात. बोलावणं मायकल कुसॅकचं होतं. हा क्लेअर काउंटीच्या खडकाळ बरेन भागात जन्मलेला शिक्षक. डब्लिनमध्ये तो सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेणारी अकादमी चालवत असे. मुलांना इंग्रजी राज्याच्या नोकऱ्यांसाठी घडवणाऱ्या माणसालाच आपल्या खेळांची काळजी लागावी, ही गोष्ट आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या मास्तर मंडळींशी जुळणारी आहे. त्याची तक्रार साधी होती. आयर्लंडमधल्या मैदानी स्पर्धा इंग्रजी नियमांनी चालतात, त्यांत शेतमजुराला आणि कारागिराला जागा नाही, आणि दुष्काळाच्या दशकाने खिळखिळ्या झालेल्या खेड्यांत हर्लिंग मरायला टेकलं आहे.

कुसॅकने हाक दिली, पण नियम लिहिले मॉरिस डेव्हिनने. डेव्हिन हा वजनफेकीतला नावाजलेला खेळाडू आणि संस्थेचा पहिला अध्यक्ष. १८८५ मध्ये त्याचे पहिले नियम आले. तोवर हर्लिंग प्रत्येक गावात वेगळं खेळलं जाई. खेळ गाणी-गोष्टींत टिकून राहतो, पण गावाबाहेर पडतो तो नियम कागदावर उतरले म्हणजे. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात खो-खोचे नियम लिहिले गेले, तेव्हा हेच घडलं. आयर्लंडमध्येही नियम पहिल्या झटक्यात बसले नाहीत. आधी एका बाजूला एकवीस खेळाडू असत, १८९२ मध्ये ते सतरा झाले आणि १९१३ पासून पंधरा आहेत. सुरुवातीला एक गोल कितीही गुणांना भारी पडे. मग तो पाच गुणांचा ठरला, आणि १८९६ पासून तीन गुणांचा आहे. म्हणून इथे धावफलकावर २-११ लिहिलेलं दिसलं तर सतरा वाचावं. आडव्या दांड्याखालून गेला तर गोल आणि हिरवा झेंडा, वरून गेला तर सहसा एक गुण आणि पांढरा झेंडा.

आर्चबिशप क्रोक, चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल आणि मायकल डेव्हिट हे तिघे संस्थेचे आश्रयदाते झाले. म्हणजे धर्म, कायदेमंडळ आणि जमिनीची चळवळ, तिन्हींचा हात पाठीवर. इतकं होऊनही १८८६ मध्ये कुसॅकला चिटणीसपदावरून दूर केलं गेलं. स्थापनेनंतर दोन वर्षांत संस्थापकाला बाहेरचा रस्ता! मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचं कारण नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निर्णय म्हणजे क्लबाची हद्द. ती बहुतेक ठिकाणी पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या गावकीची. त्यामुळे मुलाला क्लब निवडावा लागत नाही. कुलदैवतासारखा तो जन्माबरोबर मिळतो. आणि बहुतेक जण मरेपर्यंत तोच ठेवतात.

मुलं इतिहासात कशी आली

सुरुवातीची काही दशकं ही मोठ्यांची संस्था होती. मुलं कडेला असत, भिंतीवर, झाडावर. त्यांची नावं संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा ठळक येतात ती एका काळ्या दिवशी. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये डब्लिन विरुद्ध टिपररी असा फुटबॉलचा सामना सुरू होता. त्या सकाळी शहरात ब्रिटिश गुप्तहेरांच्या हत्या झाल्या होत्या. दुपारी सरकारी दलांनी मैदानात शिरून गोळीबार केला आणि चौदा जणांचे जीव गेले. टिपररीचा खेळाडू मायकल होगन त्यांत होता. मैदानातल्या एका स्टँडला आज त्याचं नाव आहे. मृतांत जेरोम ओ’लीरी दहा वर्षांचा, विल्यम रॉबिन्सन अकरा वर्षांचा आणि जॉन विल्यम स्कॉट चौदा वर्षांचा होता. तिघेही सामना बघायला आले होते.

मुलांसाठी देशपातळीवरची स्पर्धा आली ती त्याच दशकाच्या अखेरीस. अठरा वर्षांखालच्यांचं ‘मायनर’ अजिंक्यपद हर्लिंगमध्ये १९२८ पासून आणि फुटबॉलमध्ये १९२९ पासून खेळलं जाऊ लागलं. खरं काम मात्र शाळांत झालं. प्राथमिक शाळेतले मास्तर आणि ख्रिश्चन ब्रदर्स हे शाळा चालवणारे धर्मबंधू यांनी शाळा सुटल्यावर काठ्या वाटल्या, मुलांना गाड्यांत कोंबून सामन्यांना नेलं, मोजे धुतले. त्यांच्याबद्दल लिहिलेलं फारसं सापडत नाही, कारण चांगल्या मास्तरांबद्दल ते क्वचितच सापडतं.

१९७१ हे वर्ष इथे एका परिच्छेदाचं मानकरी आहे. त्या वर्षी प्राथमिक शाळांच्या खेळांसाठी ‘कुमन ना मुनस्कुल’ ही देशव्यापी संघटना उभी राहिली. त्याच वर्षी थर्ल्सला ‘फेले ना न्गेल’ हा चौदा वर्षांखालच्या मुलांचा हर्लिंगचा उत्सव पहिल्यांदा भरला. बाहेरगावचे संघ यजमान क्लबातल्या घरांत उतरायचे. टिपररीच्या शेतकऱ्याच्या घरी बेलफास्टचं पोर दोन रात्री राहायचं आणि घरची आई त्याला सॉसेज-अंडी करून घालायची. आणि त्याच वर्षी संस्थेने आपल्या अंगावरचं एक जुनं ओझं उतरवलं. क्रिकेट, सॉकर, रग्बी, हॉकी हे ‘परदेशी’ खेळ खेळणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला सभासदत्व नाकारणारी बंदी रद्द झाली. ही बंदी किती आंधळी होती ते १९३८ मध्ये दिसलं होतं. देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड पदाच्या नात्याने एका आंतरराष्ट्रीय सॉकर सामन्याला हजर राहिले, म्हणून त्यांचं आश्रयदातेपद संस्थेने काढून घेतलं. पुढे २००५ मध्ये क्रोक पार्कची दारं रग्बी आणि सॉकरसाठी उघडण्याचा ठराव झाला, आणि २००७ मध्ये तिथे आयर्लंड-इंग्लंड रग्बी सामना झाला. बंदीच्या काळात वाढलेल्या आजोबांनी तो टीव्हीवर नातवंडांशेजारी बसून पाहिला.

मुलींची वाट निराळी आणि लांबची. मुलींच्या हर्लिंगला ‘कमोगी’ म्हणतात. तिची संघटना १९०४ ची. मुलींच्या गेलिक फुटबॉलची संघटना १९७४ मध्ये स्थापन झाली, तीही थर्ल्सच्या हेज हॉटेलातच. म्हणजे खेळ तेच, मैदान तेच, पण मुलगा आणि मुलगी दोन वेगळ्या संस्थांचे सभासद. मैदानाच्या वेळा ठरवताना याचा त्रास किती होतो, ते दोघांना वेगवेगळ्या संध्याकाळी घेऊन जाणाऱ्या पालकांना विचारा. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकलीस यांच्या अध्यक्षतेखाली तिन्ही संघटनांचं एकत्रीकरण २०२७ पर्यंत करण्याचा आराखडा झाला आहे.

न जिंकण्याचा नियम

गेल्या दोन-तीन दशकांत बालविभागात झालेला सर्वांत मोठा बदल बाहेरून दिसत नाही. पूर्वी दहा वर्षांच्या पोरांनाही पूर्ण आकाराच्या मैदानावर पंधरा-पंधराच्या संघांत उतरवत. चार दांडगी मुलं चेंडू पळवायची, उरलेली थंडीत काकडत उभी राहायची आणि पुढच्या वर्षी यायची नाहीत. यावर ‘गो गेम्स’ हा तोडगा निघाला. बारा वर्षांपर्यंत छोटे संघ, सात-सात किंवा नऊ-नऊ, लहान मैदान, हलका चेंडू. आलेलं प्रत्येक मूल पूर्ण वेळ खेळणार, राखीव बाकावर कुणी बसणार नाही. चषक नाही, अंतिम सामना नाही. गुणतक्ता छापत नाहीत. मुलं अर्थातच मनात गुण मोजत असतात आणि गाडीत बसल्याबरोबर सांगतात.

सुरक्षेचे नियमही याच काळात घट्ट झाले. २०१० पासून हर्लिंग खेळणाऱ्या सर्वांना हेल्मेट सक्तीचं झालं, २०१३ पासून फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना दातांचं गार्ड. वयाची मोजणीही बदलली: आंतरकाउंटी ‘मायनर’ २०१८ पासून अठराऐवजी सतरा वर्षांखालचं झालं, कारण शालान्त परीक्षा आणि मोठ्यांचे संघ यांच्या कात्रीत मुलं सापडत होती.

एक वर्ष

संस्थेची कागदावरची वाटचाल ही अशी. पण क्लबात राहणाऱ्याला इतिहास दिसतो तो वर्षाच्या फेऱ्यात.

जानेवारीत नोंदणी. फी भरली की विमा आला. मुलांबरोबर उभं राहायचं असेल तर पालकाला पोलिसांकडून, म्हणजे गार्डांकडून, पडताळणी करून घ्यावी लागते आणि बालसुरक्षेचा अभ्यासवर्ग करावा लागतो. मग पायाभूत प्रशिक्षण. या माणसांना इथे ‘मेंटॉर’ म्हणतात. यांत बसचालक आहेत, परिचारिका आहेत, संगणकवाले आहेत. कुणालाच पैसे मिळत नाहीत. क्रोक पार्कच्या ८२,३०० प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणाऱ्यालाही मिळत नाहीत. तोही सोमवारी शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो.

फेब्रुवारी-मार्च चिखलाचे. गवत वाचवायला मैदान बंद ठेवतात आणि मुलं भिंतीवर स्लिटर मारत बसतात. प्रत्येक चांगल्या क्लबात अशी एक उंच भिंत असते. हर्लिंग शिकवताना माझी क्रिकेटची सवय आडवी आली. आपल्याकडे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा हात बॅटवर खाली असतो. हर्लिंगमध्ये जोराचा हात काठीच्या वर, टोकाशी. पहिले काही आठवडे मी मुलांना मनोभावे चुकीचं शिकवत होतो. सात वर्षांच्या एका मुलानेच माझे हात धरून उलटे केले. १७ मार्चला सेंट पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीत क्लबाची पोरं जर्सी घालून, काठ्या खांद्यावर टाकून चालतात. ती पाहताना मला दर वेळी लेझीम घेऊन निघालेली प्रभातफेरी आठवते.

एप्रिलपासून ‘ब्लिट्झ’ सुरू होतात. चार-पाच क्लब एका मैदानावर येतात आणि छोटे छोटे सामने एकापाठोपाठ एक होतात. आमच्याकडे एका आठवड्यात फुटबॉल, पुढच्या आठवड्यात हर्लिंग. दोन्ही खेळणाऱ्या मुलाला इथे ‘ड्युअल’ म्हणतात, आणि त्याचं वेळापत्रक सांभाळणं ही घरातली तिसरी नोकरी असते. मे-जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. तेव्हा मैदानावरून कुणाला घरी नेणं अशक्य.

जुलै हा वर्षाचा कळस. ‘कूल कॅम्प’ ही २००६ पासूनची उन्हाळी शिबिरं. ‘कूल’ म्हणजे आयरिशमध्ये गोल. इंग्रजी कानाला दुसरा अर्थही ऐकू येतो आणि तोच हेतू आहे. याच महिन्यात क्रोक पार्कला हर्लिंग आणि फुटबॉलचे अंतिम सामने होतात. अशा मोठ्या सामन्यांच्या मध्यंतरात प्राथमिक शाळेतल्या मुलामुलींचे छोटे सामने त्याच हिरवळीवर होतात. मोठे खेळाडू आत चहा पीत असतात तेव्हा पाचवी-सहावीची पोरं त्या मैदानाची मालक असतात. ज्या मैदानावर १९२० मध्ये मुलांवर गोळ्या चालल्या, त्यावर मुलांना खेळवण्याची ही रीत मला कुठल्याही शिलालेखापेक्षा मोठी वाटते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठ्या वयोगटांची खरीखुरी अजिंक्यपदं, हार-जीत, रडणं. इथेच संस्थेच्या दुखण्यांचीही नोंद करायला हवी. कडेला उभे राहून पंचावर ओरडणारे पालक इथेही आहेत. म्हणून काही दिवस ‘मौन कडा’ पाळतात, त्या दिवशी बघणाऱ्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. चौदा-पंधराव्या वर्षी मुलं गळतात, मुली आणखी जास्त. शहरात मैदानं अपुरी, खेड्यांत पोरं अपुरी, मग दोन शेजारी क्लबांना जुनं वैर गिळून एकत्र संघ काढावा लागतो. आणि हर्लिंग अजूनही मुख्यतः दक्षिणेच्या आणि मध्याच्या काही काउंट्यांचाच खेळ आहे.

पैशांचं गणित सांगायचं तर तेही वर्षभराचंच आहे. दर आठवड्याची क्लबाची लॉटरी, केकविक्री, सुपरमार्केटात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देऊन डब्यात मागितलेली नाणी. आमच्या काही मराठी मावश्यांनी केकविक्रीत समोसे ठेवले तेव्हा केक उरले.

नवी नावं

ही संस्था आयरिशपणाच्या अभिमानातून जन्मली. आयरिश कोण, हा प्रश्न मात्र तिच्या मैदानावर आता वेगळ्या रीतीने सुटतो आहे. २००५ मध्ये कॉर्कच्या ज्या कर्णधाराने हर्लिंगचा लियम मॅकार्थी चषक उचलून आयरिशमध्ये भाषण केलं, त्या शॉन ओग ओ हॅल्पिनची आई फिजीची. इराकमधल्या रमादी इथल्या कुर्दी निर्वासितांत जन्मलेला झॅक मोरादी २०१९ मध्ये लीट्रिम काउंटीकडून हर्लिंगचाच लोरी मॅहर चषक जिंकला. २०२० च्या साथीत क्रोक पार्क गाडीत बसून करायच्या तपासणीचं केंद्र झालं, आणि त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस तिथल्या हिरवळीवर ईदची नमाज झाली. आमच्या क्लबाच्या हजेरीपटावर आता मर्फी आणि केलींच्या मधून कुलकर्णी, पाटील वाचले जातात. मेंटॉर ती नावं पहिल्यांदा चुकवतात, दुसऱ्यांदा अडखळतात, तिसऱ्यांदा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातील अशी ओरडतात.

२०१८ मध्ये युनेस्कोने हर्लिंग आणि कमोगीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. वारसा म्हटला की तो तसाच राहावा असं वाटतं, पण तसं होत नाही. २०१२ मध्ये देशात ॲशच्या झाडांवरचा बुरशीचा रोग सापडला आणि काठीचं लाकूडच धोक्यात आलं. बाहेरून लाकूड येतं आहे आणि आता बांबूच्या काठ्याही मिळतात. आमच्या मुलीच्या हातात बांबूची आहे. तिच्या आजीने फोनवर विचारलं, “आपल्याकडचा बांबू का गं?” मुलगी म्हणाली, “आजी, ही कमॉन आहे.”

वार्षिक सभा

नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो. मुलांना पदकं वाटून होतात, सगळ्यांना, आणि मग क्लबाची वार्षिक सर्वसाधारण सभा. अहवाल, जमाखर्च, जर्सींच्या रंगावरून थोडी बाचाबाची. मग शेवटचा विषय: पुढच्या वर्षी आठ वर्षांखालचा गट कोण घेणार? खोली गप्प. जो तो चहाच्या कपात बघतो.

आयरिश खेड्यांत एक जुनी रीत आहे, ‘मेहल’. कापणीच्या वेळी शेजारी एकमेकांच्या शेतात राबायचे, पैसे न घेता, जेवणावर. आपण तिलाच इर्जिक म्हणतो, सावड म्हणतो. ज्याच्या रानात आज दहा बैलजोड्या आल्या, त्याने उद्या आपली जोडी न्यायची असते. कुणी हिशेब लिहीत नाही आणि कुणी विसरतही नाही. एकशे चाळीस वर्षं जीएए चालली ती चषकांवर नाही, या न लिहिलेल्या हिशेबावर. माझ्या मुलीला काठी धरायला शिकवणाऱ्या बाईंची स्वतःची मुलं केव्हाच मोठी होऊन गेली होती. त्या कुणाची सावड फेडत होत्या, ते मी विचारलं नाही.

त्या रात्री सभेला आम्ही अकरा जण होतो. थर्ल्सच्या बिलियर्डच्या खोलीत बहुधा त्याहून कमीच होते. गप्प बसण्याची वेळ जरा लांबली, तेव्हा मी कप खाली ठेवला आणि हात वर केला. चिटणीसबाईंनी नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारलं, आणि साहित्याच्या खोलीची किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. शंकू तिथे आहेत, म्हणाल्या. मोजून घ्या, दर वर्षी चार-पाच हरवतात.